प्रत्येकाची मुदत वेगळी

प्रस्तावना

आपल्याकडे डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की मोतीबिंदूच आठवतो. पट्टी निघते, आजीला नातवाचा चेहरा स्वच्छ दिसतो आणि डॉक्टरांचं नाव गावभर होतं. शिबिरांनी आणि वर्तमानपत्रांतल्या फोटोंनी हे चित्र मनात पक्कं बसवलंय, आणि ते खरंही आहे. पंचाईत एवढीच की रेटिनाच्या दवाखान्यात पाऊल टाकणारा माणूसही हेच चित्र घेऊन येतो. इथला हिशोब वेगळा असतो. उपचार उत्तम झाला, याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की गेल्या वर्षी जेवढं दिसत होतं तेवढं याही वर्षी दिसतंय. पैसे गेले, मुलाच्या रजा गेल्या, डोळ्यात सुई टोचून घेतली, आणि फरक काय पडला? काही नाही. हे 'काही नाही' किती मोलाचं आहे, हे पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. मी डॉक्टर नाही. रेटिनाच्या दवाखान्यात काउन्सेलर आहे. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडलेला माणूस फाइल हातात धरून माझ्या टेबलाशी येतो आणि विचारतो, "मॅडम, ते काय म्हणाले?" या प्रश्नाचं उत्तर देता देता हे पुस्तक तयार झालं.

ज्यांनी असा दवाखाना पाहिलेला नाही, त्यांना आधी तिथल्या हॉलची ओळख करून द्यायला हवी. सकाळी ओपीडी भरते ती कधी संपेल ते कुणीच सांगू शकत नाही. केसपेपर निघतो, ऑप्टोमेट्रिस्ट पाटी वाचून घेतात, डोळ्याचं प्रेशर मोजतात. मग सिस्टर थेंब घालतात. बाहुली मोठी व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि मधुमेह जुना असेल तर ती हट्टाला पेटते, पुन्हा पुन्हा थेंब घालावे लागतात. एकदा का बाहुली मोठी झाली, की जवळचं अक्षर लागत नाही, मोबाईल वाचता येत नाही, उजेड टोचतो. म्हणून सगळा हॉल डोळे मिटून बसलेला असतो. थेंबांचा अंमल चार-सहा तास राहतो. तेव्हा स्कूटर चालवत एकट्याने यायचं नाही, बरोबर माणूस आणायचं, हे आम्ही फोनवरच बजावतो. तरी निम्मे जण एकटे येतात आणि मग भाच्याला फोन लावायला शेजाऱ्याला सांगतात.

याच हॉलमध्ये एका बाकावर चार माणसं बसलेली असतात. एक काका, वीस वर्षांची साखर असलेले, ज्यांना फिजिशियनने चिठ्ठी देऊन पाठवलंय. एक आजी, इंजेक्शनच्या पुढच्या तारखेला आलेल्या. एक बाळंतीण, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं अपुऱ्या दिवसांचं बाळ. आणि एक तरुण, ज्याला काल संध्याकाळपासून डोळ्याच्या कडेला काळी सावली दिसतेय. तो सगळ्यांत शेवटी आलेला असतो आणि सगळ्यांत आधी आत जातो. मग भांडण होतं. "आम्ही सकाळपासून बसलोय आणि हा आत्ता आला!" टोकनच्या हिशोबाने काकांचं म्हणणं रास्त आहे. आजाराच्या हिशोबाने त्या तरुणाला तासांची मुदत आहे, बाळाला दिवसांची, आजींना आठवड्यांची आणि काकांना वर्षांची. बाक एक, मुदती चार. रेटिनाचे उपचार समजून घ्यायचे तर औषधांची नावं पाठ करण्याआधी आपली मुदत कोणती, हे ओळखायला हवं. या पुस्तकाला सांगायचं आहे ते एवढंच. बाकी सारा त्याचा विस्तार.

मुदत मुळात का असते? रेटिना, पुस्तकी मराठीत दृष्टिपटल आणि आमच्या हॉलमध्ये 'मागचा पडदा', म्हणजे डोळ्याच्या आतल्या बाजूचं सरासरी पाव मिलिमीटर जाडीचं अस्तर. त्यात प्रकाश टिपणाऱ्या कोट्यवधी पेशी आहेत आणि तिथून दहा-बारा लाख तंतू मेंदूकडे जातात. मधोमध मॅक्युला आहे. त्याचा अगदी मधला, जेमतेम दीड मिलिमीटरचा भाग आपल्याला वाचायला, सुईत दोरा ओवायला, समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखायला लागतो. उरलेला पडदा बाजूचं आणि अंधारातलं सांभाळतो. या पडद्याच्या तीन गोष्टी पेशंटला फसवतात. एक, तो दुखत नाही. वेदना कळवणाऱ्या नसाच त्यात नाहीत, त्यामुळे आत रक्तस्राव झाला तरी डोळा शांत असतो. दोन, एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा बिनबोभाट भरून काढतो, आणि कित्येकांना एका डोळ्याने वाचताच येत नाही हे पाटीसमोर बसल्यावरच कळतं. तीन, मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. आजार गुपचूप येतो आणि गेलेलं परत मिळत नाही, म्हणून मधल्या काळाला एवढी किंमत.

हा पडदा माणसाला दिसायला लागला, त्याला जेमतेम पावणेदोनशे वर्षं झाली आहेत. हेर्मान हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1851 मध्ये ऑप्थॅल्मोस्कोप जगासमोर आणला. त्याआधी डॉक्टरला बाहुलीतून फक्त काळोख दिसायचा. त्यानंतर, कुठेही न कापता, जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं टोक थेट पाहता यायला लागलं. शरीरात दुसरीकडे अशी सोय नाही. म्हणूनच कधी कधी आमचे डॉक्टर पडदा पाहून पेशंटला तातडीने फिजिशियनकडे धाडतात. वाढलेलं ब्लडप्रेशर, रक्ताचे काही आजार, मेंदूवरचा दाब यांच्या खुणा तिथे उमटलेल्या असतात. चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या माणसाला "आधी बीपी बघा" असं सांगितलं की तो चिडतो. त्याचं चिडणं मी समजू शकते, पण त्याला तसं सोडू शकत नाही.

आता तासांची मुदत. डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा पारदर्शक द्रव असतो. वय वाढतं तशी ही जेली आकसते आणि पडद्यापासून सुटते. बहुतेकांना त्याचा त्रास चार काळ्या ठिपक्यांपुरताच होतो. काहींच्या बाबतीत मात्र ती सुटताना पडद्याला ओढ बसते आणि तो फाटतो. त्या फटीतून पाणी मागे शिरतं आणि भिंतीत ओल मुरल्यावर रंगाचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटत जातो. मोठा उणे नंबर असलेले, डोळ्याला मार लागलेले, पूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले यांना धोका अधिक. खुणा तीन: एकाएकी काळ्या ठिपक्यांचा पाऊस, अंधारातही विजेसारखे चमकारे, आणि कडेने सरकत येणारी सावली. सावली मध्यापर्यंत पोचण्याआधी ऑपरेशन झालं तर वाचण्याची नजर बहुधा राहते. पोचल्यावर झालं तर पडदा बसतो, नजर पूर्वीसारखी होईलच असं नाही.

शंभर वर्षांपूर्वी या आजारावर जवळजवळ काहीच इलाज नव्हता. डोळे बांधून महिनोन्महिने पाठीवर निजवून ठेवायचे आणि बहुतेक जण आंधळेच व्हायचे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी दाखवून दिलं की फाट हीच मूळ भानगड आहे, ती शोधून बंद केली तर पडदा बसतो. सहकाऱ्यांना हे पटायला बरीच वर्षं गेली. पुढे बेल्जियमहून आलेल्या चार्ल्स शेपेन्स यांनी दोन्ही डोळ्यांनी पडद्याच्या कडेपर्यंत पाहता येईल असं डोक्यावर बांधायचं उपकरण तयार केलं आणि बोस्टनमध्ये शिष्य घडवले. त्यांतले एक, डॉ. एस. एस. बद्रीनाथ, भारतात परतले आणि 1978 मध्ये चेन्नईत त्यांनी शंकर नेत्रालय उभं केलं. 1970 मध्ये रॉबर्ट माखेमर यांनी मायामीत डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बारीक हत्यारं आत घालून जेली कापून काढण्याची पद्धत आणली. तीच विट्रेक्टॉमी. आज ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या तीन छिद्रांतून होते आणि पुष्कळदा टाकाही लागत नाही.

ऑपरेशन डॉक्टर करतात. नंतरचे दिवस घर करतं. पडदा दाबून धरायला डोळ्यात गॅस भरला असेल तर बुडबुडा योग्य जागी राहावा म्हणून पेशंटला काही दिवस मान खाली घालून बसावं लागतं, पालथं झोपावं लागतं. पाठ भरून येते, माणूस वैतागतो. घरच्यांना वाटतं, एवढं कशाला, ऑपरेशन तर झालंय. त्यातच मी विचारते, "तुम्ही राहता कुठे?" महाबळेश्वर, पाचगणी असं उत्तर आलं की पेन खाली ठेवून बोलावं लागतं. गॅस असताना विमानप्रवास तर बंदच, पण घाट चढणंही धोक्याचं. उंचीवर हवेचा दाब उतरतो, डोळ्यातला गॅस फुगतो आणि डोळ्याचं प्रेशर चढतं. गॅस जिरेपर्यंत, म्हणजे त्याच्या प्रकारानुसार दोन ते आठ आठवडे, खाली कुणा नातेवाइकाकडे मुक्काम करावा लागतो. गॅसऐवजी सिलिकॉन तेल घातलं असेल तर ते बहुधा काही महिन्यांनी दुसऱ्या ऑपरेशनने काढावं लागतं. हे पहिल्या ऑपरेशनच्या आधीच नीट सांगितलं नाही तर पेशंटला आपली फसवणूक झाली असं वाटतं.

दिवसांची मुदत बाळांची. गर्भात पडद्याच्या रक्तवाहिन्या मध्यातून कडेकडे वाढत जातात आणि पूर्ण दिवस भरेपर्यंत हे काम चालू असतं. बाळ आधीच जन्मलं तर ते काम अर्धवट राहतं आणि पुढे वाहिन्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढून काढू शकतात. 1940 च्या दशकात अमेरिका-युरोपात अशा मुलांचं अंधत्व झपाट्याने वाढलं. 1951 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी बोट दाखवलं ते ऑक्सिजनकडे. बाळाचा जीव वाचवणारा ऑक्सिजन मोजून दिला नाही तर डोळा घालवतो. आज आपल्या जिल्ह्याच्या गावांतही नवजात अतिदक्षता विभाग झाले आहेत आणि पूर्वी दगावणारी बाळं वाचतात. त्यांतलं 34 आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं प्रत्येक बाळ तीस दिवसांच्या आत रेटिनाच्या डॉक्टरांनी पाहायला हवं, फारच नाजूक बाळ त्याहूनही आधी. अडचण अशी की तिसाव्या दिवशी बाळंतीण माहेरी असते, आणि "सव्वा महिना होऊ दे, मग बाहेर काढू" असं घरातलं वडीलधारं माणूस मायेनेच म्हणतं. सव्वा महिना म्हणजे मुदत टळलेली. डिस्चार्ज कार्डवर ही तारीख ठळक लिहिलेली आहे की नाही, हे बाळाच्या वडिलांनी स्वतः पाहावं. आजीचं मन वळवायचं काम आम्ही करू.

आठवड्यांची मुदत इंजेक्शनवाल्यांची. वयोमानाने मॅक्युला झिजून त्याखाली नव्या, गळक्या रक्तवाहिन्या फुटतात. मधुमेहाने किंवा शीर बंद पडल्याने मॅक्युलाला सूज येते. या सगळ्यांमागे शरीरातलं व्हीईजीएफ नावाचं एक प्रथिन असतं. नेपोलिओने फेरारा यांच्या गटाने 1989 मध्ये ते वेगळं काढलं. त्याला रोखणारं औषध 2004 मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी बाजारात आलं. मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी 2005 मध्ये त्याचा अगदी छोटा डोस डोळ्यात देऊन पाहिला. पुढच्याच वर्षी खास डोळ्यासाठी बनवलेलं महाग भावंड आलं. दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. अमेरिकेत सरकारी पैशाने झालेल्या तुलनेने 2011 मध्ये सांगितलं की वयोमानाच्या आजारात दोघांचा गुण जवळजवळ सारखाच. 2015 मध्ये भारतात महाग औषधाची देशी आवृत्ती निघाली आणि पर्याय आणखी वाढले. "स्वस्तातलं घेतलं म्हणजे वडिलांवर अन्याय केला का?" हा प्रश्न मुलं मान खाली घालून विचारतात. त्याचं सविस्तर उत्तर पैशांच्या प्रकरणात दिलं आहे.

इंजेक्शनची भीती खरी असते आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण डोळा थेंबांनी बधिर करतात, औषध असतं 0.05 मिलिलिटर आणि टोचणं काही सेकंदांत उरकतं. खरी कसोटी पुढच्या महिन्यात लागते, आणि त्याच्या पुढच्या. पहिल्या तीन इंजेक्शनांनी सूज उतरते, आजी पुन्हा पोथी वाचायला लागतात आणि घरात ठरतं की आता बरं झालं, जायला नको. औषधाचा असर ओसरतो, सूज परत येते, आणि दर वेळी ती थोडी नजर घेऊन जाते. न येण्याचं कारण दरवेळी हलगर्जीपणा नसतं. पंचाहत्तरीपुढच्या माणसाला एसटीचा प्रवास फुकट आहे, पण बरोबर येणाऱ्या मुलाचा रोज बुडतो. म्हणून मी पहिल्याच दिवशी आजारापेक्षा कॅलेंडरवर जास्त वेळ बोलते: कुणाची साप्ताहिक सुट्टी कधी, सून आणू शकेल का, शेजारच्या गावातून आणखी कुणी इंजेक्शनला येतं का, दोघांची एकाच दिवशी तारीख लावता येईल का.

वर्षांची मुदत सगळ्यांत लांब, आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त चुकवली जाणारी. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत. 2015 ते 2019 दरम्यानच्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेह्यांपैकी 16.9 टक्क्यांच्या, म्हणजे साधारण सहांतल्या एकाच्या, पडद्यावर आजाराच्या खुणा आढळल्या. नियम साधा आहे. प्रौढपणी मधुमेह निघाला की त्याच सुमारास पडदा तपासायचा आणि मग दरवर्षी. दिसत असलं तरी. "मॅडम, दिसतंय तर सगळं, मग कशाला?" हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकते, त्यांतल्या काहींच्या डोळ्यात तेव्हाच नाजूक वाहिन्या फुटलेल्या असतात, रक्त सांडायचं तेवढं बाकी असतं.

त्यांच्यासाठी लेसर आहे. त्याचा उगम एका ग्रहणात आहे. 1945 च्या सूर्यग्रहणात डोळे भाजून घेतलेल्या रुग्णाकडे पाहून गेर्ड मेयर-श्विकेराथ या जर्मन डॉक्टरला सुचलं की प्रकाशाने पडदा भाजतो, तर हवा तिथेच तो भाजता येईल. आपल्या घरांत ग्रहण पाहू नये म्हणतात, त्यातल्या शास्त्रीय भागाचा असाही उपयोग झाला. 1976 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवलं की लेसरने तीव्र दृष्टिनाशाचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं. यात एक सौदा आहे आणि तो आधीच सांगायला हवा. कडेचा पडदा भाजून मधला वाचवायचा. "लेसर केल्यापासून रात्रीचं जरा कमी दिसतं" ही तक्रार खोटी नसते. मोबदल्यात वाचायची नजर राहते.

सगळ्या मधुमेह्यांना तपासायला पुरतील एवढे रेटिनातज्ज्ञ देशात नाहीत, म्हणून तपासणीच माणसांकडे न्यायचे प्रयत्न चालू आहेत. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाईलला जोडलेल्या कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो घेऊन, इंटरनेटशिवाय चालणाऱ्या संगणकीय बुद्धिमत्तेने तो वाचण्याचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्र फोटो वाचेल, "पुढे दाखवा" असंही सांगेल. ते ऐकून माणूस खरोखर पुढे जाईल की नाही, हे मात्र त्याच्याशी कोण, किती वेळ आणि कोणत्या भाषेत बोलतं यावर ठरतं.

आणि मग काही जण असे, ज्यांना द्यायला मुदतच नसते. रेटिनायटिस पिगमेंटोसा हा आनुवंशिक आजार. आधी रात्री दिसेनासं होतं, मग कडा मिटत जातात. 2017 मध्ये अमेरिकेत पहिल्या जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली, पण तो एकाच जनुकातल्या दोषावर चालतो आणि अतोनात महाग आहे. बाकीच्यांना आज खात्रीचा उपाय नाही. हे बोलणं सर्वांत जड. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असतं आणि सासर सुनेकडे बोट दाखवतं. अशा आजारांत बहुतेकदा दोष दोन्हीकडून आलेला असतो, हे मी सासूबाईंना समोर बसवून सांगते. हमखास बरं करण्याच्या जाहिराती खिशात घडी घालून आणलेल्या असतात. त्यांच्यापायी शेत विकू नका, एवढं तरी ऐकवावं लागतं. पण "काही करता येत नाही" हे वाक्य मी वापरत नाही, कारण ते खरं नाही. भिंग, वाचून दाखवणारा फोन, पांढऱ्या काठीचं प्रशिक्षण, अपंगत्वाचा दाखला, परीक्षेत लेखनिक, नोकरीतलं आरक्षण, हे सगळं करता येतं. नजर शिल्लक असतानाच ते शिकून घेतलं तर फार सोपं जातं.

पुस्तकाची मांडणी याच विचाराने केली आहे. प्रकरणं आजारांच्या नावांनी लावलेली नाहीत. आज, या आठवड्यात, या महिन्यात, या वर्षी आणि जन्मभर, असे पाच भाग आहेत. नाव माहीत नसलं तरी काय होतंय ते माहीत असतं, त्यावरून आपला भाग सापडावा. शेवटी पैसे, सरकारी योजना आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न यांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. औषधांचे डोस दिलेले नाहीत, कोणता दवाखाना चांगला हेही सांगितलेलं नाही. पेशंटच्या हकिगतींतले तपशील बदलले आहेत, कुणी शेजाऱ्याला ओळखू नये म्हणून.

ज्यांनी मला शंका विचारू दिल्या त्या डॉक्टरांचे, थेंब घालता घालता शंभरदा तेच उत्तर न चिडता देणाऱ्या सिस्टरांचे, आणि टोकनवरून माझ्याशी भांडलेल्या सगळ्या काका-मावशींचे आभार. त्यांनी भांडण केलं नसतं तर मुदतीचा हिशोब इतक्या सोप्या शब्दांत मांडायची गरज मला वाटली नसती.

पुढे वाचण्याआधी एक करा. चष्मा असेल तर लावा. डावा डोळा तळहाताने झाका आणि याच पानावरची एक ओळ उजव्या डोळ्याने वाचा. मग उजवा झाकून डाव्याने. ओळ वाकडी दिसली, मधलं अक्षर पुसट झालं किंवा एका डोळ्याने वाचताच आलं नाही, तर पुस्तक बाजूला ठेवून दवाखान्यात फोन करा. दोन्हींनी सारखं दिसलं आणि घरात कुणाला साखर असेल, तर त्यांनाही हेच करायला सांगा आणि पडदा शेवटचा कधी तपासला ते विचारा. वर्ष उलटून गेलं असेल तर पहिलं प्रकरण त्यांनी हॉलमध्ये बसून, थेंब घालायच्या आधी, वाचावं.